मीटरभर दांडीपलीकडचा स्पर्श

पोर्शे ९११ एससी ही १९७८ ते १९८३ या मॉडेल-वर्षांतली गाडी. तिच्या गिअरच्या दांड्याला तीन ओळी आहेत. डावीकडे वर पहिला, खाली दुसरा. मधल्या ओळीत वर तिसरा, खाली चौथा. उजवीकडे वर पाचवा आणि खाली रिव्हर्स. आता समजा, गाडी पाचव्यात आहे, इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेतंय आणि पुढच्या गाडीला मागे टाकायचं म्हणून चालक चौथा टाकतो. दांडा मागे, थोडा डावीकडे, पुन्हा मागे. तो मधल्या ओळीत पडला तर फेरे सुमारे ५,१०० होतात आणि गाडी उसळी घेते. पण तोच दांडा जरा जास्त डावीकडे गेला, तर तिथे खाली चौथा नसतो, दुसरा असतो. क्लच सोडताक्षणी चाकं इंजिनाला ९,३०० च्या वर खेचू लागतात. या इंजिनाची लाल रेघ सहा हजारांच्या थोडी पुढे आहे. इतक्या वेगात व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा पुऱ्या पडत नाहीत, व्हॉल्व्ह वेळेत मिटत नाहीत आणि वर येणारा पिस्टन त्यांच्यावर आदळतो. इंजिन उघडावं लागतं.

असं होऊ नये यासाठी चालकाच्या हातात कसब हवं, हे खरंच. पण ते कसब ज्यावर उभं असतं ते म्हणजे प्लास्टिकचे मोजके बुश, म्हणजे जोडांमधली अस्तरं, मुठीत सगळी मावतील इतकी लहान. ते झिजले की दांडा ढिला होतो, ओळी एकमेकींत मिसळतात आणि न्यूट्रल कुठे आहे हे शोधावं लागतं. मला या सगळ्याचं फार नवल वाटतं. एवढ्या विचारपूर्वक घडवलेल्या यंत्राचा स्वभाव इतक्या किरकोळ वस्तूवर टेकलेला असावा!

हे समजण्यासाठी आधी गाडीची मांडणी डोळ्यांसमोर आणायला हवी. ९११ ही गाडी सप्टेंबर १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात प्रथम दिसली, तेव्हा तिचं नाव ९०१ होतं. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजोने हक्क सांगितला म्हणून १९६४ मध्ये ते ९११ झालं. सुरुवातीच्या गिअरबॉक्सला मात्र ९०१ हेच नाव राहिलं; एससीमधला गिअरबॉक्स त्यानंतरचा, ९१५ नावाचा. सहा सिलिंडरचं, हवेने थंड होणारं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. त्याच्या पुढे डिफरन्शियल, आणि त्याच्याही पुढे, मागच्या सीटांच्या खालच्या बाजूला नाक खुपसून बसलेला गिअरबॉक्स. म्हणजे बहुतेक जुन्या स्पोर्ट्‌स कारमध्ये जो गिअरबॉक्स चालकाच्या गुडघ्याशेजारी असतो, तो इथे पाठीमागे आहे. एमजीबीसारख्या गाडीत दांड्याचं खालचं टोक थेट गिअरबॉक्समध्येच शिरतं. ९११ मध्ये दांडा आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये एक लांब दांडी आहे. गाडीच्या मध्यभागी फरशीला जो उंचवटा असतो, त्या टनेलमधून ती मागे जाते. क्लचची केबल, हँडब्रेकच्या केबली हे सगळे तिचे शेजारी.

या एकाच दांडीला दोन निरोप न्यायचे असतात. चालकाने दांडा डावी-उजवीकडे हलवला की ती स्वतःभोवती वळते. त्यावरून कोणती ओळ हे ठरतं. दांडा पुढे-मागे केला की ती लांबीच्या दिशेने सरकते. त्यावरून त्या ओळीतला कोणता गिअर हे ठरतं. वळणं आणि सरकणं, बस. पाच गिअर आणि एक रिव्हर्स, सहाही पर्याय एवढ्या दोन हालचालींत बसवलेले आहेत. मला तरी याहून काटकसरीची रचना सुचत नाही.

ही दांडी दोन्ही टोकांना कशाला तरी जोडावी लागते आणि खरी गोष्ट त्या जोडांमध्येच आहे. पुढे, दांड्याच्या खालच्या टोकाला एक गोळी असते. ती दांडीच्या तोंडाशी असलेल्या प्लास्टिकच्या वाटीसारख्या बुशमध्ये बसते. मागे, टनेल संपतो तिथे एक कपलिंग असतं. त्याची एक बाजू दांडीला क्लॅम्पने आवळलेली, दुसरी बाजू गिअरबॉक्समधून बाहेर आलेल्या शाफ्टला शंकूच्या टोकाच्या स्क्रूने धरलेली. या कपलिंगमध्येही पिनांवर बसवलेले प्लास्टिकचे बुश असतात. ते तिथे का? कारण इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर बसलेले आहेत. गाडी जोर घेते तेव्हा ते जरा डुलतात, दांडा ज्या टनेलवर आहे तो डुलत नाही. जोड कडक असता तर प्रत्येक धक्का दांड्यात आला असता, दांड्याची मूठ हातात थरथरत राहिली असती. म्हणून अभियंत्यांनी मुद्दाम मऊ जागा ठेवली. बुश झिजणं ही त्या मऊपणाची किंमत आहे. धातूला सांभाळण्यासाठी प्लास्टिकने झिजायचं, असंच हे ठरलेलं काम.

आता गणित पाहा. दांडा एका खिळीवर डोलतो. खिळीच्या वरचा भाग लांब, खालचा आखूड. समजा वरचा भाग खालच्याच्या चौपट आहे. पुढच्या बुशमध्ये अर्धा मिलिमीटर झीज झाली, कपलिंगमधल्या एका बुशमध्ये अर्धा, दुसऱ्यात अर्धा. प्रत्येक झीज वेगळी पाहिली तर नजरेत भरणार नाही. पण ही साखळी आहे, साखळीत ढिलाई एकीत एक मिळते. एकूण दीड मिलिमीटर. ते वरच्या टोकाला चौपट होऊन सहा मिलिमीटर. इतका हात हलला तरी गिअरबॉक्सला त्याची खबरही नसते. आणि वय झालेलं प्लास्टिक फक्त झिजत नाही, ते ठिसूळ होऊन तुटतं; मग ढिलाई मिलिमीटरांत मोजायचं कारणच राहत नाही.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीत बसलेल्यांनी याच रोगाचं दुसरं रूप पाहिलं आहे. तिचा गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर असे आणि तिथून सांध्यांच्या मालिकेने हालचाल खाली गिअरबॉक्सपर्यंत जाई. वापराने ते सांधे सैल झाले की प्रत्येक गाडीचा तिसरा वेगळ्याच जागी सापडे आणि तो फक्त तिच्या नेहमीच्या चालकाला ठाऊक असे.

पण ढिलाईने दिशा चुकते एवढंच नुकसान होत नाही. त्याहून मोठं नुकसान दिसत नाही, आणि मला जे सांगायचं आहे ते तेच आहे. गिअरचा दांडा फक्त हुकूम पाठवत नाही, तो उत्तरही आणतो.

आपण गिअर टाकतो तेव्हा दाते एकमेकांत घुसतात, अशी अनेकांची समजूत असते. १८९० च्या दशकातल्या पानार-लव्हासोर गाड्यांमध्ये खरोखरच तसं होतं. चाकं सरकवून एकमेकांवर घालावी लागत आणि दाते खरडत. आता पुढे जायच्या सगळ्या गिअरच्या जोड्या कायमच एकमेकींत गुंतलेल्या असतात. प्रत्येक जोडीतलं एक चाक शाफ्टवर मोकळं फिरतं. गिअर टाकणं म्हणजे एक सरकती स्लीव्ह त्या मोकळ्या चाकाच्या बारीक दात्यांवर चढवून त्याला शाफ्टशी पक्कं करणं. अडचण अशी की त्या घडीला दोघांचे वेग वेगळे असतात. एससीमध्ये दुसऱ्याचं प्रमाण १.८३३ आणि तिसऱ्याचं १.२६१ आहे. दुसऱ्यात इंजिन ५,००० वर असताना तिसरा टाकायचा, तर क्लचपासून आत येणाऱ्या शाफ्टला ५,००० वरून सुमारे ३,४४० वर उतरावं लागतं. हे उतरवण्याचं काम सिंक्रोचं. ती कल्पना रस्त्यावरच्या गाडीत प्रथम कॅडिलॅकने १९२८ मध्ये आणली. चालत्या लोकलमध्ये चढणारा माणूस आधी फलाटावर तिच्याबरोबर धावतो आणि वेग जुळला की मगच पाय टाकतो. सिंक्रो स्लीव्हकडून हेच करवून घेतो.

पोर्शेने यासाठी स्वतःची निराळी रचना शोधली आणि १९५२ मध्ये ती ३५६ मध्ये बसवली. पुढे आल्फा रोमिओ आणि फेरारीनेही ती आपल्या गाड्यांत वापरली. तिच्यात एका जागी चिरलेली पोलादी कडी असते. स्लीव्ह सरकत येऊन या कडीला टेकते. वेगात फरक असेल तर घर्षणाने कडी ओढली जाते, आतल्या पट्ट्यांच्या रेट्याने फुगू पाहते आणि स्लीव्हला आतून घट्ट धरते. जितका वेगातला फरक जिवंत, तितका तिचा विरोध जिवंत. स्लीव्ह पुढे जाऊच शकत नाही. घर्षणाने वेग उतरत जातो, आणि दोघं एकाच वेगाने फिरू लागल्या क्षणी कडीवरचा ताण नाहीसा होतो. ती आपोआप मिटते, स्लीव्ह तिच्यावरून सरकून दात्यांवर चढते. विरोध करणारीच वाट मोकळी करते, आणि हे ती कुणीही न सांगता, नेमक्या वेळी करते! मी याचं चित्र कितीदा पाहिलं असेल, दर वेळी थक्क होतो.

हा सगळा प्रसंग हाताला कळतो. दांडा आधी अडतो, क्षणभर तसाच राहतो, आणि मग आपण होऊन आत ओढला गेल्यासारखा जातो. जुनी ९११ चालवणारे म्हणतात की तिचा गिअर घाईने टाकायचा नसतो, दांडा विरोधाशी टेकवून ठेवायचा आणि ती परवानगी देईपर्यंत थांबायचं. या सल्ल्यामागे कडीचं हेच वागणं आहे. दांडी, गोळी, वाटी, कपलिंग या सगळ्यांतून मागच्या एका कडीची अवस्था तळहातापर्यंत पोचते. बुश ढिले झाले की पोचायची थांबते. चालकाला कुठे अडलंय हे कळत नाही, कळत नाही म्हणून तो जोर लावतो, जोर लावल्याने अजून तयार नसलेली कडी रेटली जाते आणि झिजते. स्वस्त बुशची ढिलाई अशी महागड्या सिंक्रोपर्यंत जाते. बुश बदलायला एक दुपार पुरते. सिंक्रो बदलायचे तर गिअरबॉक्स उतरवून पूर्ण उघडावा लागतो. म्हणून दांड्याच्या ढिलाईला ‘जुनी गाडी आहे, चालायचंच’ म्हणणं मला पटत नाही.

आधीच्या ९०१ गिअरबॉक्सची कहाणी तर आणखी सुरस आहे. १९६९ मध्ये पोर्शे आणि फोक्सवॅगनने मिळून ९१४ ही दोन सीटांची गाडी आणली. तिच्यात इंजिन मागच्या चाकांच्या पुढे, चालकाच्या पाठीशी होतं. त्यासाठी ९११ मधली इंजिन-गिअरबॉक्सची जोडी अख्खीच्या अख्खी उलटी फिरवली, अशी कल्पना करा. आता इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागे. तसंच बसवलं असतं तर गाडीला मागे जायला पाच गिअर आणि पुढे जायला एकच मिळाला असता. म्हणून डिफरन्शियलचं मोठं दातेरी चाक दुसऱ्या बाजूला बसवलं. ते कोडं सुटलं. दांडीचं सुटलं नाही. ९११ मध्ये गिअरबॉक्सचं नाक चालकाकडे होतं आणि दांडी सरळ त्यात जात होती. ९१४ मध्ये तेच नाक गाडीच्या शेपटीकडे वळलं. दांडीला टनेलमधून निघून, इंजिनाच्या मागची-पुढची सगळी लांबी ओलांडून, गिअरबॉक्सच्या अगदी मागच्या टोकापर्यंत जावं लागलं. जितकी लांबी वाढली तितके जोड वाढले, आधार वाढले, बुश वाढले. बुश झिजले की या गाड्यांचा दांडा इतका मोकळा हलू लागे की पहिल्यांदा बसणाऱ्याला काही तुटलंय असंच वाटे. १९७३ च्या मॉडेलपासून पोर्शेने गिअरबॉक्सच्या कुशीतून हालचाल आत घेतली, मागच्या टोकापर्यंतचा वळसा वाचवला, आणि गिअर टाकणं लगेच सुधारलं. आतले दाते तेच, सिंक्रोची तत्त्वं तीच. फक्त हात आणि गिअरबॉक्स यांच्यातला रस्ता आखूड झाला. ९१४ चे रसिक आजही गाडी पाहताना ती आधीची की नंतरची हे आधी विचारतात.

इंजिन चालकाच्या पाठीशी आणि गिअरबॉक्स त्याच्याही मागे असलेल्या इतर गाड्यांनाही हा प्रश्न भोवतो. रेनॉचं इंजिन आणि गिअरबॉक्स वापरणारी लोटस युरोपा वळणावर अप्रतिम, पण तिच्याही दांडीला इंजिनाला वळसा घालून मागे जावं लागतं आणि गिअर शोधण्याबद्दल तिची ख्याती आहे.

आता दुरुस्ती. ९११ मध्ये ढिलाई नेमकी कुठल्या जोडात आहे हे काहीही न उघडता अंदाजाने सांगता येत नाही, आणि मजा म्हणजे शोधायला फारसं उघडावंही लागत नाही. मागच्या दोन छोट्या सीटांच्या मधे कार्पेट उचलायचं, त्याखालचं झाकण काढायचं. कपलिंग समोर दिसतं. इंजिन बंद, गाडी हलणार नाही अशी. एकाने पुढे बसून, गिअर टाकलेल्या अवस्थेत दांडा हळूहळू डावी-उजवी आणि पुढे-मागे हलवायचा, दुसऱ्याने बॅटरीच्या उजेडात कपलिंगकडे बघायचं. दांडा हलला आणि दांडी हललीच नाही, तर दोष पुढे, गोळीच्या वाटीत. दांडी हलली पण कपलिंगची मागची बाजू जरा थांबून हलली, तर दोष कपलिंगच्या बुशमध्ये. दोन्ही बाजू एकदम हलल्या आणि तरीही दांडा मोकळा वाटतो, तर गिअरबॉक्सच्या आत बघावं लागेल. पण असं क्वचितच निघतं. बहुतेक वेळा पुढच्या वाटीच्या जागी ठिसूळ तुकडे आणि भुकटी हाताला लागते.

दोन्ही जागचे बुश एकदमच बदलावेत. फक्त कपलिंगचे नवे घातले तर साखळीतली उरलेली ढिलाई तशीच राहते आणि माणूस नव्या बुशला दोष देतो. शंकूचा स्क्रू परत बसवताना तो शाफ्टवरच्या खळग्यात नीट गेला आहे ना हे पाहायलाच हवं. तो सुटला तर एकही गिअर बदलता येत नाही आणि ज्या गिअरमध्ये गाडी असेल त्यातच घर गाठावं लागतं.

मग येतं जुळवणं, आणि ही या कामातली सर्वात सुंदर पायरी. दांडी आणि कपलिंग यांना धरणारा क्लॅम्पचा एकच बोल्ट असतो. तो सैल केला की दांडी कपलिंगमध्ये वळूही शकते आणि सरकूही शकते. म्हणजे जे दोन निरोप ती नेते, त्या दोन्हींचं मूळ स्थान या एका बोल्टवर ठरतं. गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये, दांडा न्यूट्रलमध्ये, दोघांची न्यूट्रल एकाच जागी आणायची आणि बोल्ट आवळायचा. दांडी अंशभर जास्त वळलेली राहिली तर एका बाजूची ओळ सहज मिळते आणि दुसऱ्या बाजूची अडते. जरा पुढे किंवा मागे राहिली तर काही गिअर पूर्ण आत न जाता धक्क्याला निसटतात. म्हणून सहाही जागा तपासायच्या, पुन्हा सैल करायचा, केसभर हलवायचा, पुन्हा आवळायचा. यात कंटाळून चालत नाही.

बुश कशाचे घ्यावेत यावर मालकांमध्ये मतभेद आहेत. बाजारात पितळी आणि कांस्याचे बुश मिळतात. ते फारसे झिजत नाहीत, दांडा लखलखीत नेमका होतो. पण ज्या थरथरीसाठी प्लास्टिक निवडलं होतं ती सगळी मुठीत येते, गिअरबॉक्सची घरघर टनेलमधून ऐकू येते, आणि जोर घेताना इंजिन डुललं की कपलिंगला द्यायला हवा तेवढा लवचीकपणा उरत नाही. शर्यतीच्या गाडीला ते शोभतं. रोज फिरवायच्या गाडीत मी मूळ प्रकारचेच बुश घालीन, आणि काही वर्षांनी पुन्हा बदलीन.

दांड्याची फेक कमी करणारे शॉर्ट शिफ्ट किट यापेक्षाही मोहात पाडतात. त्यात दांड्याच्या खालच्या भागाचं प्रमाण वाढवलेलं असतं, म्हणून वर हात कमी हलवून काम होतं. तरफेचा नियम मात्र कुणाला चुकत नाही: अंतर वाचलं तेवढा जोर वाढतो आणि विरोध करणाऱ्या कडीची हाताला होणारी जाणीवही बदलते. निरोगी गिअरबॉक्सवर ते छान लागतं. झिजलेल्या बुशांवर आणि थकलेल्या सिंक्रोवर ते बसवणं म्हणजे रोग लपवून जोर वाढवणं.

बुश नवे, जुळवणी नीट, तरी गिअर खरखरत असेल तर शंका दांडी आणि तिच्या जोडांवरून हटवावी. क्लच पूर्ण सुटत नसेल तर शाफ्ट फिरत राहतो आणि सिंक्रोला तो उतरवता येत नाही. १९८६ पर्यंतच्या ९११ मध्ये क्लच केबलवर चालतो, तिचं अ‍ॅडजस्टमेंट आणि पेडलच्या बुशमधली झीज आधी बघावी. गिअरबॉक्सचं रबरी माउंटिंग बसलं असेल तर जोर घेताना संपूर्ण जोडी सरकते आणि दांडीची लांबी बदलल्यासारखं होतं. तेलाचीही एक गंमत आहे. सिंक्रोला वेग उतरवायला घर्षण लागतं. दात्यांना मात्र निसरडेपणा हवा असतो. एकाच तेलाने दोन्ही सांभाळायचं असतं, त्यामुळे अति निसरडं, नुसतं महाग म्हणून निवडलेलं तेल या जुन्या गिअरबॉक्सला मानवत नाही.

१९८७ मध्ये पोर्शेने नवा जी५० गिअरबॉक्स आणला, निराळ्या पद्धतीचे सिंक्रो आणि हायड्रॉलिक क्लच घेऊन. त्याने कडीचा तो हळुवार हट्ट इतिहासात जमा केला. पण त्याआधीच्या गाड्यांमध्ये बुश, जुळवणी, क्लच, माउंटिंग, तेल हे सगळं तपासूनही थंड गाडीत पहिल्यावरून दुसरा खरखरतच राहिला, तर मग दुसऱ्या गिअरची कडी गेली असं समजायचं आणि गिअरबॉक्स खाली उतरवायचा.